मागच्या सीटवरचा डाग

"सोडा नको, बाई," कुशाबा म्हणाला. "सोड्यानं चामडं तडकतं."

सरोजिनीबाईंनी पुडी परत पदराआड घेतली. सीटची एक कड त्यांच्याच हातून सोड्यानं तडकली होती, पण ते त्या बोलल्या नाहीत.

गिरगावातल्या वाडीत, त्यांच्या दारापुढे जुनी हिल्मन गाडी उभी होती. कुशाबा दोन रविवारांपूर्वी आपणहून आला होता. काळाचौकीला राहतो, गिरणीत चामडी पट्ट्यांच्या खात्यात होतो, गाडी आतून स्वच्छ करून देतो, एवढंच म्हणाला. बाईंनी त्याला पुढच्या सीटच्या कामाला लावलं. मागच्या सीटवर चादर होती, ती काढायची नाही असं बजावलं होतं. आज मात्र चादर घडी करून बाजूला ठेवलेली त्यांना दिसली.

कुशाबानं अंगाच्या साबणाचा कीस बादलीभर पाण्यात विरघळवला. आधी सीटच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही तिथं, एक बोट फिरवून पाहिलं. रंग सुटला नाही. मग फडकं घट्ट पिळून तो हलक्या हातानं डाग पुसू लागला.

"कसला म्हणायचा हा?"

"पानाचा."

"पान असं मुरत नाही, बाई." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "जानेवारीतला का?"

बाई आत गेल्या.

अच्युतराव वर्तमानपत्र वाचत होते. "अहो, हा माणूस साधा नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तारखा विचारतोय. पोलिसांचा असणार."

अच्युतराव सरकारी नोकरीत होते. जानेवारीत मराठी राज्यासाठीच्या मोर्च्यावर झालेल्या गोळीबाराला अकरा महिने झाले होते, तरी कोण कुणाच्या बाजूनं होतं याची चौकशी अजून चालू होती. त्यांच्याच कचेरीतला एक कारकून मोर्च्यात दिसला म्हणून घरी बसला होता.

"मी पाठवून देते त्याला," बाई म्हणाल्या.

"नको. पाठवलं तर संशय वाढेल."

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. बाई पाठोपाठ.

कुशाबा आता साध्या पाण्याच्या फडक्यानं साबण काढत होता. डाग फिका झाला होता. "उन्हात नको ठेवायला," तो मान वर न करता म्हणाला. "सावलीत सुकू द्या. मग एरंडेलाचा हात देतो."

"तुम्हाला विचारायचंय ते मला विचारा," अच्युतराव म्हणाले. ते गाडी पुसणाऱ्याला तुम्ही म्हणाले, हे बाईंच्या लक्षात आलं.

कुशाबा थांबला.

"रक्त आहे ते. परळच्या नाक्यावर एक माणूस पडला होता. मी त्याला मागे घातला आणि इस्पितळात नेला. फाटकाशी माणसांच्या हवाली केला आणि निघून आलो. नाव विचारलं नाही, माझंही सांगितलं नाही. नोकरीची भीती वाटली." त्यांनी एकदा डागाकडे पाहिलं. "तोंड वळवून त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. जगला की मेला, मला माहीत नाही. त्याला उचलला, ते मी नाकारणार नाही. टाकून पळालो, एवढाच माझा गुन्हा. काय लिहायचं ते लिहा."

"अहो," बाई म्हणाल्या. वाडीतल्या नळावर कुणीतरी हंडा आपटला. अच्युतराव मात्र कधी नव्हे इतके ताठ उभे होते. बोलून टाकल्यावर त्यांना बरं वाटलं होतं.

कुशाबानं फडकं बादलीत सोडलं आणि हात धोतराला पुसले.

"सहा महिने ही गाडी हुडकतोय, साहेब," तो म्हणाला. "नंबराचे शेवटचे दोनच आकडे ध्यानात होते. दादरपासून इथवर प्रत्येक हिल्मनच्या मागच्या सीटवर नजर टाकली."

बाईंनी दाराची चौकट धरली.

"आणि सापडली," अच्युतराव म्हणाले. "आता काय करणार?"

कुशाबानं सदऱ्याची वरची बटणं सोडली आणि खांदा उघडा केला. तिथं गोळीचा व्रण होता, अजून तांबूस.

"काही नाही, साहेब. रक्त माझं होतं. दुसऱ्यानं का पुसावं?"