रंभाबाईंच्या हातून पडलेली पोर

"आधी ते डोक्यावर पडल्याचं लिहा," गौतमी टेबलावर हात आपटून म्हणाली. "बाकीचं मागनं."

पौडच्या शिबिरात सकाळपासून दिव्यांग पोरांची तपासणी चालली होती. तिची पंधरा वर्षांची वैष्णवी भिंतीकडं तोंड करून बाटल्यांची झाकणं रंग बघून ओळीत लावत होती. शेजारी थोरली चुलती, रंभाबाई. पोरगी आईजवळ बसायचीच नाही, आणि त्याचाही राग गौतमीनं जावेवरच धरला होता.

तेरा वर्षं ती जावेशी धड बोलली नव्हती. बोलायची ते टोचायलाच. पोर दोन वर्षांची झाली तरी 'आई' म्हणेना, तेव्हा भरल्या घरात रंभाबाईंनीच कबूल केलं होतं, की माझ्या हातून पडली. कुणी पाहिलं नव्हतं. पण बाई स्वतःच कबूल करते म्हटल्यावर विचारायचं काय राहिलं? तेव्हापासून पोरीचं खाणंपिणं, न्हाणं, दुखलंखुपलं, सगळं त्या विधवा बाईच्या गळ्यात. आणि वर शिव्याही तिलाच!

आता रिहे गावातली जमीन विकायची होती. सासरे हैबतराव बाहेर बाकावर बसले होते. डॉक्टरनं पडल्याचं लिहिलं, की थोरलीचा वाटा वैष्णवीच्या नावावर, असा शब्द गौतमीनं त्यांच्याकडून घेतला होता. मग रंभाबाईंनी खुशाल माहेरचा रस्ता धरावा.

"हिला बौद्धिक अक्षमता आहेच," तपासणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "पण ऑटिझमही आहे. स्वमग्नता. आज तपासलेल्यांतली ही चौथी. पहिल्या कागदावर मतिमंद लिहिलं, की पुढं कुणी बघतच नाही. आवाजाला कान झाकणं, एकच शब्द घोकणं, हे त्यातलंच."

"पडल्यामुळंच ना?"

"नाही हो. हे पडल्यानं होत नाही. जन्मापासूनचं आहे."

"खोटं!" गौतमी ओरडली. "ह्या बाईनं माज्या पोरीचं वाटोळं केलं, अन् तुमी तिलाच पाठीशी घालताय?"

वैष्णवीनं कान झाकले. रंभाबाईंनी तिच्या हातांवर आपलेही हात ठेवले.

आरडाओरडा ऐकून हैबतराव आत आले. मॅडमनी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. म्हाताऱ्यानं धाकट्या सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जन्मापासून? म्हंजी खोट हिच्याच पोटात! हिच्या नवऱ्याला, किशोरला फोन लावतो. असली बाई घरात ठेवायचीच कशाला?"

"अहो आजोबा, यात आईचा काही दोष नसतो..."

म्हातारा ऐकतोय कुठला! गौतमीचं तोंड खर्रकन उतरलं.

रंभाबाई पुढं झाल्या. "मामंजी, डॉक्टरीन काय बी सांगती. पोर पडली हुती. मीच पाडली. आना तो वाटणीचा कागद, माजा वाटा लिहून देते."

हैबतराव पुटपुटत कागद आणायला गाडीकडं गेले.

गौतमीनं जावेचा दंड गच्च धरला. "आक्का, खरं सांगा. कुटनं पडली हुती ती?"

"गप ऱ्हा," रंभाबाई म्हणाल्या. "तवाबी तुला असंच माहेरी धाडाया निघाले हुते. पोर कदीच पडली न्हाई."