वळणावर थांबलेल्या गाड्या

"थांब," आई म्हणाली.

न्येलेतीने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. समोर शिंग्वेद्झी नदीचं वळण, कोरडी वाळू आणि पलीकडच्या काठावर उंबराचं जुनं झाड. हरीणसुद्धा नव्हतं. बाबा मात्र दर वेळी इथेच थांबायचे.

त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. काळं कापड पांघरून आई दिवसभर नुसती बसून असायची. जेवतेस का, विचारलं तर मान हलवायची, आणि ती हो म्हणतेय की नाही, तेही कळायचं नाही. विधवेने वर्षभर घराबाहेर फिरू नये, असं आत्याने बजावलं होतं. तरीही न्येलेतीने आज तिला बाबांच्या गाडीत बसवून अभयारण्यात आणलं होतं. आईने काहीतरी मागावं, एवढंच तिला हवं होतं. हत्ती झाले, पाणघोडे झाले, आईने मान वळवली नाही. आणि आता तिने मागितलं ते हे.

मागून एक पांढरी गाडी येऊन शेजारी उभी राहिली. खाकी अर्ध्या चड्डीतल्या, उन्हाने लाल झालेल्या माणसाने काच खाली केली.

"आजी, काय दिसलंय?"

न्येलेती 'काही नाही' म्हणणार, तोच आई पुढे वाकली. "बिबट्या. त्या झाडावर."

माणसाने घाईघाईने दुर्बीण काढली.

"आई, खोटं?" न्येलेती कुजबुजली. आई दर रविवारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थना घ्यायची.

"मग काय सांगू? नवरा इथे थांबायचा म्हणून थांबलेय?"

तेवढ्यात मालामुलेले गावाकडची एक व्हॅन आली, तळलेल्या कोंबडीचा वास आणि भांडणारी पोरं घेऊन. त्यांनी पांढऱ्या गाडीला विचारलं. त्यांना आणखी कुणी विचारलं. पाचव्या गाडीपर्यंत बातमी पोचली तेव्हा बिबट्याबरोबर पिल्लूही आलं होतं. न्येलेतीने किल्ली फिरवली, पण मागेपुढे वाट उरली नव्हती, आणि खाकी चड्डीवाल्याने हातानेच दटावलं, की आवाजाने जनावर पळेल. तिने इंजिन बंद केलं. आता कुणीतरी विचारणारच, कुठे आहे, दाखवा. भर रस्त्यात, काळ्या कापडातल्या आईचं खोटं उघडं पडणार.

विचारलं व्हॅनमधल्या बाईनेच. काळं कापड पाहून तिने आधी अदबीने मान लववली. मग म्हणाली, "मावशी, नेमक्या कुठल्या फांदीवर हो?"

"डावीकडच्या. मघाशी शेपटी लोंबत होती, आता आवरून घेतलीय," आई शांतपणे म्हणाली.

न्येलेतीने खालचा ओठ दाताखाली धरला. हसू येत होतं की रडू, तिलाच कळेना.

आणि पलीकडच्या काठावरून माकडं ओरडली. खरखरीत, एकामागून एक. रानकोंबड्यांचा थवा फडफडत उठला. व्हॅनमधली पोरं गप्प झाली. खाकी चड्डीवाल्याची दुर्बीण फांदीवरून खाली उतरत गेली आणि थांबली.

"झाडावर नाही," तो श्वास रोखून म्हणाला. "बुंध्याशी. गवतात बघा."

गवत दुभंगलं. बिबट्या बाहेर आला, वाळूत क्षणभर उभा राहिला आणि कुणाचीच फिकीर नसल्यासारखा थेट गाड्यांच्या दिशेने चालू लागला. काठ चढून रस्त्यावर आला. एकाही गाडीतून हूं की चूं नाही. तो त्यांच्या चाकापासून हातभरावरून गेला. कानाची फाटकी कड दिसली. त्यावर बसलेली माशी दिसली.

आईने शेजारी, बाबांच्या जागेवर बसलेल्या न्येलेतीच्या दंडावर चापट मारली. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ते बिबट्यावरून हलत नव्हते.

"अहो," ती म्हणाली, "बघितलंत का? अहो, बघा ना."

न्येलेतीने दोन्ही हातांनी स्टीअरिंग घट्ट धरलं.

"हो," ती समोर बघत म्हणाली. "दिसला."