पारड्याखालची चिंच

मनकर्णाबाईंनी चिंचेचा गोळा डाव्या पारड्याच्या बुडाला दाबून बसवला, हात पुसले आणि काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने पुन्हा चिंचा फोडायला बसल्या. गोळा लिंबाएवढा होता. डावं पारडं आसेगावात राहण्याचं, उजवं रत्नागिरीला जाण्याचं, हे त्यांच्या नवऱ्याने सकाळीच जाहीर केलं होतं.

नवरा म्हणजे शालिग्रामभाऊ, मंगरूळपीरच्या बाजारातले जुने मापारी. उभा जन्म शेतकऱ्यांचं धान्य मोजण्यात गेला, त्यामुळे घरातली कुठलीही गोष्ट तोलल्याशिवाय त्यांना पटत नसे. त्यांची लेक वैजयंती रत्नागिरीत राहायची. आईबाबांनी आता इकडेच यावं, म्हणून ती सारखी मागे लागली होती. तिकडे थंडी म्हणून नसते, आईची बोटं आखडायची नाहीत, जावईही रोज विचारतात. शालिग्रामभाऊ बरेच दिवस हो-नाही करत राहिले. शेवटी त्यांनी माळ्यावरचा तराजू काढला आणि गल्लीत सांगून आले, की आज संध्याकाळी फैसला. काटा जे म्हणेल ते.

मनकर्णाबाईंना जायचं होतं. अगदी मनापासून जायचं होतं. थंडीत सकाळी त्यांची बोटं उन्हात धरल्याशिवाय उघडत नसत, आणि फोनवर लेकीचा आवाज आला की घास गोड लागत नसे. पण नवऱ्याचं काय? भावाभावांची वाटणी असो की लग्नाचा शिधा, आसेगावात मोजायला त्यांनाच बोलावणं येई. पारावर गेले की लोक सरकून जागा देत. तिकडे ते नुसते वैजयंतीचे बाबा होणार, आणि तेही जावयाच्या घरात. माणूस झुरेल, पण बोलायचा नाही. म्हणून ही चिंच. लबाड दुकानदार पारड्याखाली चिंच चिकटवून काटा कसा मारतात, हे त्यांना शालिग्रामभाऊंनीच सांगितलं होतं, तेही शिव्या घालत घालत.

धास्ती एकाच गोष्टीची होती. मोजण्याआधी रिकामा काटा उचलून चार लोकांना दाखवायचा, ही शालिग्रामभाऊंची रीत. ती कधी चुकली नव्हती. आज रिकामा काटा उचलला की डावं पारडं धपकन खाली येणार, आणि सगळ्या गल्लीसमोर शोभा होणार.

संध्याकाळी अंगण भरलं. शालिग्रामभाऊंनी ज्वारीचं टोपलं पुढ्यात ओढलं आणि रिकामा काटा न दाखवताच जमिनीवर टेकलेल्या दोन्ही पारड्यांत पहिली एकेक मूठ टाकली. मापारी पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. तेवढं मात्र ते म्हणाले. मनकर्णाबाईंचा जीव भांड्यात पडला. नवरा आता विसरायला लागला, या विचाराने त्यांना जरा वाईटही वाटलं.

मग जो तो बोलू लागला. शेजारच्या बेबीताईंच्या मते रोज भात खाऊन माणूस बसल्या जागी डुलक्या घेतो. राहण्याकडे एक मूठ पडली. तिकडच्या दमट हवेत पापड वाळत नाहीत, असं कुणीतरी ऐकलं होतं. आणखी एक मूठ. स्वेटर लागत नाही, ही जाण्याकडे. लेक जवळ राहील, हीही जाण्याकडे. समुद्र पाहायला मिळेल म्हटल्यावर बेबीताईंनी नाक मुरडलं. पाणीच ते, पाहून पाहून किती पाहणार? तरी शालिग्रामभाऊंनी समुद्राची मूठ टाकलीच. मग त्यांनी स्वतःच आठवण केली, की लोक म्हणतील, म्हातारा जावयाच्या दारी जाऊन बसला. तीही मूठ त्यांनी इमानदारीने राहण्याकडे टाकली. त्यांची मूठ म्हणजे मापच. दोन्हीकडे सारख्याच मुठी झाल्या, तेव्हा ते थांबले.

त्यांनी काटा उचलला. उजवं पारडं खाली गेलं.

बेबीताईंनी डोळ्याला पदर लावला. शालिग्रामभाऊ दोन्ही हात पसरून म्हणाले, काट्यापुढे कोणाचं चालते? लोक हळहळत आपापल्या घरी गेले.

मनकर्णाबाईंचं डोकं चालेना. चिंच गळून पडली असणार, असं मनाशी म्हणत त्या तराजू उचलून घाईघाईने मोरीकडे गेल्या. डावं पारडं उलटं केलं. गोळा जागच्या जागी होता. त्यांनी उजवं उलटं केलं. तिथेही चिंच होती. चांगली मूठभर, चिंचोकेसुद्धा न काढता थापलेली.

शालिग्रामभाऊ दारात उभे होते.

"तुमी काटा मारला?" मनकर्णाबाईंनी विचारलं. आवाज रागाचा काढायचा होता, तो निघाला नाही.

"पह्यले तू मारला."

"मी तर तुमच्यासाठी..."

"ठाव हाय मले." ते जवळ आले आणि त्यांनी बायकोची आखडलेली, चिंचेने माखलेली बोटं हातात घेऊन एकेक करून सरळ केली. "साऱ्या बाजारातल्या चिंचा पकडल्या म्या. घरातली दिसणार नाही काय? मंग काय, तुह्याहून मोठी लावा लागली."