नावाचा अर्ज

मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला तो लघुग्रह मला दोन छायाचित्रे ताडून पाहताना सापडला. त्याच आठवड्यात आमची मुलगी जन्मली, पण ती रडलीच नाही. आम्ही दोघांनी ठरवून ठेवलेले तिचे नाव कुठल्याच कागदावर चढले नाही, आणि घरात ते पुन्हा कुणी उच्चारलेही नाही.

लघुग्रहाची कक्षा पक्की होईपर्यंत त्याला नाव देता येत नाही. ती पक्की व्हायला आठ वर्षे लागली. दरम्यान एवढे कळले, की तो अकरा किलोमीटर रुंद आहे, कोळशाइतका काळा आहे आणि साडेसात तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो.

"आठ वर्षं बिननावाचं पोर सांभाळलंस. आता ठेव बाबा एकदाचं नाव," वेधशाळेचे प्रमुख हसत म्हणाले. मीही हसलो.

अर्जापूर्वी जुन्या नावांची यादी तपासायची असते. त्या यादीत ते नाव शोधण्याचे धैर्य मला झाले नाही. मी ते तसेच लिहून पाठवले.

आलेले उत्तर मी स्वयंपाकघरात बायकोला वाचून दाखवले. हे नाव पूर्वीच दुसऱ्या एका लघुग्रहास दिलेले आहे, कृपया वेगळे सुचवावे.

"तुला आधी विचारायला हवं होतं मी," मी म्हणालो.

तिने पुसलेले ताट फडताळात ठेवले.

"म्हणजे त्या नावाची कुणीतरी आहे," ती म्हणाली. "केवढी आहे ती?"