सतरा लिंकांचा जावई

मृण्मयीच्या बाबांनी पोह्यांच्या बशीशेजारी फेसबुकवरचा आमचा वाद ठेवला. छापलेला, अकरा पानी, लाल पेनानं तपासलेला. मी तिला मागणी घालायला आलो होतो.

नगरपालिकेच्या येत्या निवडणुकीवर त्यांनी लिहिलं होतं, “सगळे चोर, फक्त आमचा पक्ष स्वच्छ.” लिहिणारे मृण्मयीचे बाबा आहेत हे ठाऊक नसल्यानं मी नऊ परिच्छेद आणि सतरा लिंका पाठवल्या. “एवढं कोण वाचतं?” असं लिहून त्यांनी मला ब्लॉक केलं.

“त्याआधी छापून घेतलं,” बाबा म्हणाले. ते गणिताचे निवृत्त शिक्षक. “बारावी लिंक उघडत नाही.”

“सॉरी, सर.”

“आणि तुमचं उत्तर साफ चूक आहे. मत मी आमच्याच पक्षाला देणार.”

माझ्या घशात पोहे अडकले. मृण्मयीनं पाणी दिलं.

“पण हल्लीची पोरं नुसतं उत्तर फेकतात. तुम्ही प्रत्येक पायरी लिहिलीत. पायऱ्यांचे मार्क द्यावेच लागतात.” त्यांनी शेवटच्या पानावर सही केली. “पास. साखरपुडा कधी करायचा?”

आतून मृण्मयीच्या आई ओरडल्या, “अहो, पण लग्नपत्रिकेचा मजकूर जावईबापूंना लिहायला देऊ नका!”