पाटलीचा लिलाव

कोंबडी विकली गेली, संत्र्यांच्या टोपल्या गेल्या, आणि मग दिलीप मास्तरांनी टेबलावरून एक पिवळीधमक पाटली उचलून सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. चर्चच्या अंगणातले लोक माना उंच करून पाहू लागले. बायकांत बसलेल्या प्रेमलतानं ती लगेच ओळखली. पाटली तिची होती.

सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन तिनं ती दानपेटीत टाकली होती. पेटीला झाकण, झाकणाला कुलूप. कोणी काय टाकलं ते कोणाला कळणार? पांढुर्ण्याच्या या लहानशा मंडळीची रीत ती लग्न होऊन आल्यापासून पाहत आली होती. सुगीनंतरच्या आभाराच्या सणाला आलेले पैसे चर्चच्या पाळकांकडे जायचे आणि आलेल्या वस्तूंचा उपासनेनंतर अंगणात लिलाव व्हायचा. पण वस्तू म्हणजे भोपळा, ज्वारी, कोंबडी. सोनंही वस्तूच असतं, हे त्या बिचारीच्या डोक्यातच आलं नाही.

पुरुषांच्या पहिल्या रांगेत तिचा नवरा प्रभाकर बसला होता. तो पाटलीकडे पाहत होता.

प्रभाकर सौंसरच्या सरकारी कचेरीत कारकून होता. दानाची थैली जवळ आली की त्याची प्रार्थना लांबते, असं मंडळीत गमतीनं म्हणत. नवे पाळक मोठ्या उत्साहाचे. नवरा-बायकोनं घरी एकत्र बसावं, काय येतं, काय जातं, देवाला काय द्यायचं ते मोकळेपणानं बोलावं, असं ते दर रविवारी सांगत. प्रेमलतानं एकदा धीर करून विषय काढला, तर प्रभाकर म्हणाला, "पाळकाले काय जाते बोलाले! घर मी चालवून राहिलो." झालं, बोलणं संपलं.

पावसाळ्यात त्यांची मीना मरता मरता वाचली होती. नागपूरला ऑपरेशन झालं. पैसे कुठून आणले विचारलं, तर "ऑफिसनं देल्ले," एवढंच त्यानं सांगितलं. त्या दवाखान्याच्या पायरीवर बसून प्रेमलता देवाला बोलली होती: पोरगी वाचव, एक पाटली तुझी. पाटल्या तिच्या आईनं घातलेल्या, पण चोरांच्या भीतीनं त्या वर्षानुवर्षं प्रभाकरच्या ट्रंकेत होत्या. "माह्या ट्रंकेले हात लावला तर सावरगावचा रस्ता दाखवीन," असं तो मागंच बजावून बसला होता. सावरगाव म्हणजे नदीपलीकडचं तिचं माहेर. एकटीनं जायचं, मीनाला सोडून. तो करून दाखवणाऱ्यांतला होता, हे ती जाणून होती. तरी काल तो आंघोळीला गेल्यावर तिनं त्याच्या सदऱ्यातून किल्ली काढली. देवाला दिलेला शब्द मोडायची भीती नवऱ्याच्या भीतीहून मोठी होती.

आता मात्र ती भीती कुठल्या कुठे गेली होती आणि नवऱ्याची तेवढी उरली होती.

"देणाऱ्यानं नाव लपवलं," पाळक म्हणाले. "असं देणं मी पाहिलं नाही."

दिलीप मास्तरांनी बोली मागितली. लिलावाला गावातले इतर लोकही येत. भाऊराव सोनार दरवर्षी संत्र्यांसाठी यायचा. तो उठून टेबलाकडे निघाला.

"मास्तर, हातात द्या जरा. पाहून बोली लावतो."

"चार हजार!"

प्रभाकर उभा होता. सगळी मंडळी वळून त्याच्याकडे पाहू लागली. भाऊरावचा हात तसाच पुढे राहिला.

"अजी, पाहू तर द्या," भाऊराव म्हणाला.

"पाहाचं काय त्यात? चार हजार बोललो मी. दर महिन्याच्या पगारातून देईन."

भाऊराव हसून मागं फिरला. त्या काळी एवढा भाव नव्या पाटलीलाही नव्हता. पाळकांनी पुढं होऊन प्रभाकरचे दोन्ही हात धरले. टाळ्या वाजल्या. शेजारच्या बाईनं प्रेमलताला कोपरानं ढोसलं, "नशीबवान हायेस व बाई!" प्रेमलताला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं. त्यानं पाटली ओळखली होती, त्याशिवाय हा माणूस चार आणेही बोलला नसता.

घरापर्यंत तो पुढं चालत राहिला, एकदाही वळला नाही. मीनाला त्यानं शेजारी खेळायला पाठवलं. दार लावलं. मग खिडकीही लावली. प्रेमलता भिंतीला चिकटून उभी राहिली.

"तूच टाकली?"

"हो जी." तिनं हात जोडले. "मीनासाठी बोलली होती मी देवाले. काय माराचं ते मारा. पण सावरगावले नोका धाडू. पोरीपासून नोका तोडू मले."

"हळू बोल. भाऊराव याच गल्लीतून जाते."

तो मटकन ट्रंकेवर बसला. त्यानं मुठी आवळल्या. रागानं, असं तिला वाटलं, आणि तिनं डोळे मिटून घेतले. मार पडला नाही. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले, तर तो तिच्याकडे पाहतच नव्हता.

"भाऊरावच्या हातात गेली असती तर काय झालं असतं, मालूम हाय तुले?"

"काय झालं असतं? कोणी का घेईना, पैसा तर देवालेच भेटला असता ना जी."

प्रभाकरनं पाटली खिशातून काढून तिच्या हातात ठेवली.

"सोन्याच्या दोन्ही पाटल्या मी पावसाळ्यातच विकल्या, मीनाच्या ऑपरेशनले," तो म्हणाला. "हे पितळ होय."