आठवणीचा पंचनामा

महावादळाने देशाचा सारा किनारा धुऊन नेला, तेव्हा घरांबरोबर कागदपत्रंही वाहून गेली. म्हणून आपत्कालीन निधी वाटताना अर्जदाराच्या डोक्यातली वादळाची आठवणच यंत्राने पुरावा म्हणून नोंदवून घ्यायची, असं ठरलं. खारवडीच्या शिबिरात हे काम नायब तहसीलदार अनुजा मयेकरकडे आलं.

पहिला नंबर शेवंतीबाई तांडेलांचा होता. त्यांची सहा वर्षांची मंजू लाटेने त्यांच्या हातातून ओढून नेली होती. यंत्राने आठवण घेतली, मदत मंजूर झाली. शेवंतीबाई उठल्या, पदर सारखा केला आणि इकडेतिकडे बघू लागल्या.

"मॅडम, माझी मंजू कुठं गेली हो? आत्ता तर माझा हात धरून होती."

अनुजाच्या अंगावर सर्रकन काटा आला. यंत्र आठवणीची नक्कल करत नव्हतं, ती काढूनच घेत होतं! तिने धावत जाऊन वायर उपटली.

"आजचं काम बंद!" ती ओरडली.

रांगेतल्या पुढच्या म्हाताऱ्याने, दोन्ही मुलगे गमावलेल्या पागधऱ्यांनी, तिच्यापुढे हात जोडले.

"बंद नका करू, बाई. पैसे नकोत मला. तेवढं डोक्यातलं काढून घ्या."